डाव्या हाताचं रोजचं पान

मला कुणी 'डावरी' म्हटलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. केस पिकले, दात पडले, राग मात्र आहे तिथेच आहे. लोक कौतुकाने विचारतात, रोज एक पान लिहायची ही सवय तुम्हाला लागली तरी कशी हो? मार खाऊन लागली. दुसरं काय सांगू?

आम्ही ठाण्यात तळ्याजवळ दोन खोल्यांत राहायचो. माझे वडील, म्हणजे अण्णा, कोर्टात नकला उतरवायचे. निकालाचे कागद समोर ठेवायचे आणि दिवसभर बघून बघून दुसऱ्या कागदावर हाताने लिहायचे. अक्षर असं की वकीलसुद्धा हातात धरून बघत बसायचे. पण शाईचा एक डाग पडला की अख्खा कागद फुकट, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. त्यामुळे डाग म्हटला की अण्णांच्या अंगात यायचं. आणि देवाने त्यांच्या पोटी मुलगी दिली ती डावखुरी. आपली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे डावा हात ओल्या शाईवरून घासतच पुढे सरकायचा. माझं पान भरायचं तेव्हा त्यावर अक्षरं कमी आणि फराटे जास्त असायचे.

सकाळी तोंड धुतलं की पाटावर कागद, उजवीकडे दौत, हातात टाक. कागद कोर्टातल्या रद्दीतले, एका बाजूने कोरे. पान भरेपर्यंत उठायचं नाही, चहा नाही, परकर ओला झाला तरी नाही. समोर अण्णा मांडी घालून बसलेले आणि त्यांच्या हातात रूळ. ओळी आखायचा लाकडी गोल रूळ हो. आधी त्याने ओळी आखायच्या, मग त्यानेच मला हाणायचं. टाक डाव्या हातात गेला रे गेला की फाडकन बोटांच्या पेरांवर.

"सरस्वतीला डावा हात लावतेस, कार्टे? सोलून काढीन!"

एकदा त्यांनी माझा डावा हात परकराच्या नाडीने खिडकीच्या गजाला बांधला. बांधताना त्यांचं मनगट माझ्या तोंडापाशी आलं. मी कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर माझी कणीक तिंबली ती तिंबलीच, पण अण्णा आठवडाभर मनगटाला फडकं बांधून कोर्टात जात होते आणि विचारेल त्याला कुत्रं चावलं म्हणून सांगत होते. ते आठवलं की मला अजून बरं वाटतं. का वाटू नये?

आई टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलली, पोरीचा डावा हात सुटू दे. मी म्हटलं, "त्यापेक्षा अण्णांचा उजवा सुटू दे असं माग ना गं." तर तिनेही एक धपाटा घातला. आमच्या घरात मायासुद्धा पाठीवरच उमटायची.

मग आली सातवीची फायनल. ती पास झाले तर मला मास्तरीण होता येणार होतं, आणि मला जन्मात दुसरं काही नको होतं. नापास झाले तर त्याच उन्हाळ्यात उजवून टाकायची, असं अण्णांनी ठरवलं होतं. कल्याणचा एक बिजवर बघूनही ठेवला होता. परीक्षेला निघताना दारात त्यांनी बजावलं, "डाव्या हाताने पेपर लिहिलास तर या घरात पाऊल टाकायचं नाही."

मी खरंच उजव्या हाताने सुरुवात केली. देवाशप्पथ. पण निम्मा वेळ संपला तरी माझा निबंध पहिल्या पानावरच रखडत होता. आजूबाजूच्या मुली भराभरा पानं उलटत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर तो बिजवर आला, त्याच्या मिशा आल्या. म्हटलं, गेले खड्ड्यात अण्णा! टाक डाव्या हातात घेतला आणि सुटले. कधी नव्हे ते हात मोकळा झाल्यासारखा धावत होता. घंटा झाली तेव्हा पेपर पुरा होता.

आणि तळहाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत निळीशार.

घरी जाण्याआधी मी तळ्याच्या पायऱ्यांवर बसले आणि दगडाने हात घासला. कातडी सोलवटली, रक्त आलं, पण शाई कसली जातेय! अण्णा दारातच उभे होते.

"हात दाखव."

मी उजवा पुढे केला. त्यांनी डावा ओढून काढला आणि मला आत खेचलं. रूळ डोक्यावर येताना दिसला, म्हणून मी तोच हात वर धरला. मनगटात लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. आई चुलीपाशी किंचाळली, "अहो, मारून टाकाल तिला!" मी किंचाळले नाही. मला अण्णांना ठार मारावंसं वाटत होतं, आणि त्याच्यापुढे दुखणं काहीच नव्हतं.

हाडवैद्य आला, बांबूच्या कामट्या लावून आंबेहळदीचा लेप बांधून गेला. अण्णा भिंतीला टेकून बघत होते. तो गेल्यावर म्हणाले, "आता बघू कशी लिहितेस डाव्या हाताने."

उरलेले पेपर मी झोळीत हात अडकवून उजव्याने लिहिले. दात आवळून, एकेक अक्षर ढकलत. मी ते अण्णांसाठी लिहिलं नाही, त्यांच्या नाकावर टिच्चून लिहिलं.

कामट्या सुटल्या तेव्हा मनगट वाकडंच जुळलेलं होतं. अण्णा कोर्टात गेले की दुपारी मी पाट मांडायची आणि त्याच हातात टाक धरायची. रोज एक पान. अक्षरं तिरपागडी यायची, डोळ्यांतून पाणी यायचं. तरी पान भरेपर्यंत उठले नाही. हळूहळू हात ओळीच्या खाली ठेवून लिहायला शिकले. आई दाराशी तांदूळ निवडत बसायची आणि रस्त्यावर नजर ठेवायची. शाईची वडी संपली की नवी गुपचूप पाटाखाली सापडायची.

निकाल लागला आणि मी पास झाले. अण्णांनी पेढे आणले, शेजारीपाजारी बोलावले. नुकताच चुना मारलेल्या त्या खोलीत सगळे बसले. आणि अण्णा खळखळून हसत म्हणाले, "श्रेय कुणाचं? या रुळाचं! डावरी पोर, पण उजव्या हाताने पास केली की नाही?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, पाट आणला, कागद, दौत, टाक. सगळ्यांच्या मधोमध बसले आणि डाव्या हाताने लिहायला लागले.

"ऊठ तिथून," अण्णा म्हणाले.

मी उठले नाही. पहिला रट्टा पाठीत बसला. टाक घसरला, मी पुन्हा धरला. शेजारचे काका म्हणाले, "अहो, आज तरी..." अण्णांनी कागद ओढला आणि टरकन फाडला. मी दुसरा घेतला. तोही फाडला. मी पुढचा घेतला. खोलीत नुसता फाडल्याचा आवाज, आणि पेढे हातात धरून बसलेली माणसं. कागद संपले.

मग मी दौत उचलली आणि भिंतीपाशी जाऊन बसले. टाकाचं नीब चुन्यात रुतून वाकलं, ते टाकून दिलं. डाव्या हाताचं बोट दौतीत बुडवलं आणि त्या पांढऱ्या भिंतीवर मोठमोठ्या अक्षरांत लिहायला लागले, 'मी याच हाताने लिहिणार.' एकदा, मग त्याच्या खाली पुन्हा.

मागे रूळ उगारल्याची चाहूल लागली. मी वळून बघितलं. म्हटलं, "मारा, अण्णा. पण पान भरेपर्यंत मी उठणार नाही."

आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आई कधी आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. मला फक्त तिचा आवाज आला, अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत, "हात खाली घे."