शफी वेल्डरचं अंत्यसेवा मंडळ

घुग्घुसच्या बसस्टँडमागे शफीचं वेल्डिंगचं दुकान होतं. कोळशाच्या ट्रकांची वर्दळ तिथं कायमची, आणि अपघातही तसेच. मेलेला परमुलखातला मजूर असला की प्रेत न्यायला कोणी यायचं नाही. पोलिसांचा पंचनामा उरकला की शफी हातातलं काम टाकून जायचा. कापड तो आणायचा, खड्डा स्टँडवरचा हमाल दादाजी खणायचा, आणि चहाटपरीवाली नीलाबाई फुलं द्यायची. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा सुरू झालं ते सुटलं नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं असाच एक माणूस पुरला. महिनाभरानं रायपूरकडून त्याचा भाऊ शोधत आला. आमच्यात जाळतात, असं तो हिंदीत सांगत होता. प्रेत उकरायचं तर वरची परवानगी लागते, आणि तितके दिवस थांबणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं मूठभर माती रुमालात बांधली आणि शफीला विचारलं, "तुम उसके कौन थे?"

शफी तसाच दुकानावर परतला. त्यानंतर ठाण्यातून निरोप आला तरी तो जाईना. बायको सईदानं खोदून विचारलं तेव्हा त्यानं भावाचा तो प्रश्न सांगितला.

"मग कोणी तरी होऊन जा ना," सईदा म्हणाली. "ठाणेदार कवाचे म्हणून राह्यले, संस्था रजिस्टर करा म्हणून."

संस्थेला सात माणसं लागत होती. कौतुक करणारे पुष्कळ होते, पण सहीचं नाव काढताच जो तो मागे सरायचा. उद्या कोर्टात साक्षीला कोण जाईल, हा धाक. कशीबशी सात जुळली. नीलाबाईला अध्यक्ष केलं, कारण सगळ्यांची गाठ तिच्याच टपरीवर पडायची.

चंद्रपूरच्या धर्मादाय कार्यालयात निरीक्षक बाईंनी कागद पाहिले. संस्थेचं नाव 'लावारिस मय्यत कमिटी' असं होतं. त्या म्हणाल्या, "लावारिस कसं ठरवता? वारस मागाहून आला तर?"

शफी चपापला. ही गोष्ट इथवर कोणी पोचवली, असं त्याला वाटलं. पण बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. वारस आला तर संस्था काय करेल, हे घटनेत लिहून आणा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणखी एक खेप पडणार म्हणून शफी वैतागला. मग बाहेर व्हरांड्यात बसून तो सांगू लागला आणि सोबत आलेली सईदा लिहू लागली: पुरण्याआधी फोटो काढायचा, अंगावरचे कपडे जपून ठेवायचे, जागेवर खूण करायची, धर्म कळला तर त्याप्रमाणेच करायचं.

"आन् नाव?" सईदानं विचारलं.

"लावारिस काट," शफी म्हणाला. "अनोळखी लिव. आपल्याले ओळखू नाई आला, येवढंच खरं हाय."

पुढच्या वर्षी 'अनोळखी अंत्यसेवा मंडळा'चं प्रमाणपत्र मिळालं. शफी पुन्हा जाऊ लागला. कोणी नातेवाईक उशिरा आलाच, तर त्याला फोटो दाखवायचा आणि जागेवर घेऊन जायचा. रडणाऱ्याशी काय बोलावं, हे मात्र त्याला कधी जमलं नाही. ते नीलाबाई बघायची.

दोन हजार चारमध्ये दादाजी वारला. त्याला पोरबाळ नव्हतं. मंडळानंच त्याला सरण रचून दिलं. त्याच्या जागी इसरू नावाचा ट्रक ड्रायव्हर सभासद झाला. तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणं भाग होतं, म्हणून सोमवारी शफीनं दुकान बंद ठेवलं आणि इसरूला घेऊन चंद्रपूरची बस धरली.