बॅटरीकाका चुकले तेव्हा

बॅटरीकाकांनी उभ्या आयुष्यात एकही नवी वस्तू विकत घेतली नाही. स्कूटर कुणाची तरी, फ्रिज बदली होऊन गेलेल्या साहेबांचा, टेबलफॅन लिलावातला, आणि चष्म्याची फ्रेमसुद्धा साळ्याने वापरून सोडलेली. काकू होत्या तोवर म्हणायच्या, "बायको तेवढी नवी केली, तेही माझ्या बापानं यायले इचार कराले टाइमच देला नाई म्हणून." काकांना याची लाज तर नव्हतीच, उलट तोरा होता. ते म्हणायचे, "नव्या वस्तूची खोड घरी आणल्यावर समजते. जुनीची आधीच समजते. मंग नवी कावून घ्याची?"

ते मूळचे गोंदियाकडचे, शेतकऱ्याघरचे. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये त्यांची सगळी नोकरी बॅटरी रूममध्ये गेली. लाइट गेली तरी कंट्रोल पॅनेल बंद पडू नयेत म्हणून तिथे शिशाच्या बॅटऱ्यांच्या रांगा असत, आणि त्या रांगांवर काकांचा जीव. रोज एकेका सेलचं पाणी बघायचं, काचेच्या नळीत ॲसिड ओढून रीडिंग घ्यायचं, शीटवर लिहायचं. "बॅटरीले उपाशी ठेवाचं नाई. नेहमी पोट भरून ठेवाचं," हे वाक्य आम्ही वैशाली नगरातल्या शेजाऱ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की माझा मुलगा जेवायला कुरकुर करायचा तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघायचं.

जुनी गाडी घ्यायची असली की आमच्या गल्लीतला प्रत्येक जण काकांना सोबत नेई. काका गाडीकडे ढुंकूनही बघत नसत. आधी मालकाच्या घरात जाऊन पाणी मागत. नळ गळतो का, स्विचबोर्ड लोंबकळतो का, दाराची कडी धड लागते का, हे पाणी पिता पिता बघून घेत. एकदा मरोद्याला माझ्या नवऱ्यासाठी, सुधीरसाठी, चकचकीत मोटारसायकल बघायला गेलो होतो. काकांनी पाणी पिऊन पेला ठेवला आणि सरळ फाटकाबाहेर आले. "मोरीतला नळ चिंधीनं बांधला हाय. इंजिनले काय बांधलं असंल, देव जाणे," म्हणाले. सुधीर हळहळत परतला. ती मोटारसायकल पुढे कुणी घेतली आणि तिचं काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही, पण काका बरोबरच असणार याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी धमध्याच्या पुढच्या एका गावात सरकारी शाळेत गणित शिकवते. घरापासून त्रेचाळीस किलोमीटर. सकाळची थेट बस बंद झाली आणि मला दोन गाड्या बदलून जावं लागू लागलं. रोज दुसरा तास सुरू झाल्यावर मी धापा टाकत पोचायची. हेडमास्तरांनी दोनदा लेखी विचारणा केली. एप्रिलमध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं, की जूनपासून असं चालणार नाही. घरात सासूबाई म्हणू लागल्या, सोडून दे. मला सोडायची नव्हती. त्या शाळेत गणिताला दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती नोकरी मला माझी वाटायची, घरातल्या इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त.

रोजच्या एवढ्या अंतराला पेट्रोल परवडणारं नव्हतं, म्हणून विजेवरची चारचाकी घ्यायची इथपर्यंत एकमत झालं. नवी की जुनी, यावर मात्र घरात रोज भांडी वाजू लागली. आमच्या ऐपतीतली नवी गाडी दिवाळीनंतर मिळणार होती, म्हणजे तोवर नोकरी गेलेली. जुनी लगेच मिळत होती. सुधीर म्हणायचा, "जुन्या मोबाइलची बॅटरी कशी होते, मालूम हाय ना? धमधा रोडवर बंद पडली तं कोणाले फोन करशील?" मी मनात म्हटलं, काका आहेत ना. ते जुनीच्याच बाजूने कौल देणार, मला खात्री होती.

पद्मनाभपुरात देवांगन सरांची तीन वर्षं वापरलेली गाडी होती. सर निवृत्त प्राध्यापक, मुलाकडे कायमचे बंगळूरला निघालेले. काकांनी रिवाजाप्रमाणे पाणी मागितलं. नळ चोख, स्विचबोर्ड चोख, कुंड्यांना रंगसुद्धा दिलेला. काकांचा चेहरा खुलला. गाडीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "चार्जिंग कैसे करते थे, सर?"

"रोज अस्सी परसेंट तक," सर अभिमानाने म्हणाले. "लंबा जाना हो तभी पूरा।"

काकांनी हातातला पेला ओट्यावर ठेवला. "तीन साल भूखा रखा आपने," एवढंच म्हणाले आणि चपला घालू लागले. मी शरमेने लाल झाले.

परतताना काकांनी निकाल दिला, "हे नको घेऊ. नवी घे." जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'नवी घे' निघालं होतं आणि ते नेमकं माझ्या वाट्याला आलं. सुधीर खूश झाला. मी मात्र महिनाभर या गाड्यांबद्दल मिळेल ते वाचत होते. त्या गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतच लिहिलं होतं, की रोजच्या वापराला ऐंशी टक्के पुरे, त्याने बॅटरी जास्त टिकते. मी ती पुस्तिका मोबाइलवर उघडून काकांसमोर धरली. म्हटलं, "काका, हे तुमच्या शिशाच्या बॅटरीसारखं नाई. याचा कायदा उलटा हाय. देवांगन सरांनी तिले उपाशी नाई ठेवलं, जपून जेवू घातलं."

"तू मले बॅटरी शिकवून राहिली?" काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चहा तसाच ठेवून उठले. चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. मला वाईट वाटलं. रागही आला. एक मन म्हणत होतं, एवढ्या वर्षांचा माणूस आहे, ऐक त्याचं. दुसरं म्हणत होतं, ऐकलंस तर जूनमध्ये घरी बसशील.

पाचव्या दिवशी सकाळी काका दारात उभे. खिशात पेन, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद, त्यावर पट्टीने आखलेले रकाने. "बोलण्यानं बॅटरी समजत नाई. रीडिंग घ्या लागते. फोन लाव सरायले."

देवांगन सर खरंच मोठ्या मनाचे. त्यांनी गाडी पूर्ण चार्ज करून दिवसभरासाठी आमच्या हवाली केली. मे महिन्याची दुपार, एसी चालू, मी गाडी चालवते आहे आणि बाजूला काका दर पाच किलोमीटरला टक्के टिपून घेताहेत. शाळेच्या फाटकाला गाडी लावून मी कुलपाकडे बघत बसले, तर काका म्हणाले, "चाल, वापस. अर्धंच झालं अजून." परत घरी आलो तेव्हा अठ्ठावन्न टक्के उरले होते. म्हणजे शाळेला जाऊन येऊनही निम्म्याहून जास्त शिल्लक. काकांनी शेवटचा आकडा लिहिला, खाली रेघ मारली, सही केली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"मी चुकलो," ते म्हणाले. "तीस-पस्तीस वर्सं एकच बॅटरी पाह्यली मी, तं वाटलं साऱ्या तशाच असतात. तुले बरोबर मालूम होतं. आता मले नको इचारू, तुले वाटते तं घे."

मी म्हटलं, "घेते." इतक्या पटकन म्हटलं, की माझं मलाच नवल वाटलं.

एवढ्यावर काका थांबले नाहीत. कंपनीच्या सेंटरवर बॅटरीची तपासणी करून घेतली, उरलेली हमी माझ्या नावावर होते याची खात्री करून घेतली. गाडी आणायला गेलो तेव्हा अर्धा किलो पेढे घेऊन आले आणि देवांगन सरांपुढे हात जोडून म्हणाले, "सर, उस दिन मैं गलत बोला। गाडी आपने बहुत अच्छी रखी है।" सरांनी त्यांना मिठीच मारली. दोन म्हातारे ओट्यावर डोळे पुसत उभे, आणि मी किल्ली हातात घेऊन ताटकळत.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिला आठवडाभर काका रोज माझ्यासोबत आले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "गाडीवर भरोसा हाय. सुधीरले झोप लागली पायजे म्हणून येऊन राहिलो." मी शिकवत असताना ते व्हरांड्यात बसून शाळेचे पंखे दुरुस्त करत. सातव्या दिवशी सकाळी फाटकावर हात टेकून म्हणाले, "आज एकटी जा. मले धुणं हाय." धुणं आदल्याच दिवशी वाळत घातलेलं मी पाहिलं होतं. मी गाडी सुरू केली. त्या दिवशी प्रार्थनेच्या दहा मिनिटं आधी शाळेत पोचले.

दोन वर्षांनी त्यांची मुलगी, वर्षा, त्यांना नागपूरला घेऊन गेली. गुडघे गेले होते, एकटं राहणं कठीण झालं होतं. मग एकदा मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. जावईबापू विजेवरची जुनी गाडी बघत होते. "लोकं मले इचारून राहिले. मी सांगतलं, मले समजत नाई त्यातलं. भिलाईत आमची एक मॅडम हाय, तिले इचारतो. आता सांग, पहिले काय पाहू?" मी सांगत गेले आणि ते लिहून घेत गेले. मधेच म्हणाले, "हळू बोल, मॅडम. तुझे पोरं कसे लिहितात एवढ्या जल्दी?" आम्ही दोघंही खूप हसलो. घंटा झाली तेव्हा मी फोन ठेवला.

त्यानंतर महिन्याभराने वर्षाचा फोन आला, तोही शाळेतच. काका पहाटे झोपेतच गेले होते. ती रडत रडत म्हणाली, "गाडी काल घरी आली, ताई. बाबांनी तुम्ही सांगितलेलं सगळं तपासलं. शेजारचे कौतुक करायला आले तं त्यायले म्हणाले, मी नाई पास केली, आमच्या मॅडमनं केली."

मी फोन पर्समध्ये ठेवला आणि सातवीच्या वर्गावर गेले. आधीच पुसलेला फळा पुन्हा एकदा पुसला. मग खडू उचलला, वळले आणि म्हटलं, "वह्या काढा."