रापणीतला माझा वाटा

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही. आमच्या बार्शीत तिठ्यावर कुणी नारळ उतरवून टाकला, तर तो उचलून घरी आणून त्याची चटणी केलेली मी बाई आहे. माझी धाकटी बहीण मंगल ती चटणी खायची नाही, मी तिच्या वाटणीचीही खायचे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं सगळं वाचून वाचून शिकले, आणि वाचलेल्यातलं भुताखेतांचं पान कायम उलटून पुढे गेले. तरी हे लिहितेय... कारण मंगल म्हणते, "ताई, तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन, आणि मी तिखटमीठ लावीन." ते नको म्हणून.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघी बहिणी समुद्र बघायला म्हणून मालवणच्या बाजूला गेलो होतो. पुढे देवगड तालुक्यात, मिठबावच्या अलीकडे एका लहानशा गावात घरगुती राहायची सोय मिळाली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, लोक उगाच जाऊन त्या घराला त्रास देतील. समुद्राला लागून माडांची रांग, तिच्यामागे घर, समोर सारवलेलं अंगण — तिकडे त्याला खळं म्हणतात. घर चालवणारी सुलभा, चाळिशीची, गोड बोलणारी. नवरा गोव्याला कामाला. घरात तिचे वडील, तात्या. ते रापणीचे तांडेल, म्हणजे मुख्य. अंगाने वाळलेले आणि फार कमी बोलणारे. सुलभाची आई त्याच वर्षीच्या पावसाच्या तोंडावर खडकांना चिकटलेली कालवं काढायला खडपावर गेली होती, तिला लाटेने नेलं. मिळालीच नाही. एवढं सुलभाने पहिल्या दिवशी सांगितलं आणि विषय बदलला.

रापण म्हणजे काय ते सांगते. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात, त्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर आणतात आणि दोन्हीकडून माणसं ओळीने ओढतात. हल्ली माणसं कमी पडतात, म्हणून बायकाही हात लावतात. सकाळी आम्ही बघायला गेलो तर मला राहवेना. चप्पल काढली, पदर खोचला आणि मी धरली की दोरी!

"गो मावशे, कमर जायत हां!" मागून एक बाई ओरडली. सगळे हसले. मीही हसले.

माझ्यापुढे, पाण्याच्या बाजूला, एक बाई ओढत होती. पाठमोरी. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची फुलं. दोरी हाताला लागू नये म्हणून तिने पदराचं टोक तळव्याला गुंडाळलं होतं. मला वाटलं, अरे वा, युक्ती चांगली आहे, आणि मीही तसंच केलं. मग मी आपली बोलत सुटले — नाव काय, पोरं किती, मासळी रोज मिळते का. ती काही वळली नाही. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. एकजण आरोळी द्यायचा, सगळे एकदम ओढायचे, मग श्वास घ्यायला थांबायचे. ही थांबत नव्हती. सगळ्यांचे हात सैल पडले तरी माझ्यापुढची दोरी ताठच.

जाळं वर आलं, मासळीचे ढीग पडले. तात्या टोपलीत तारली मासळी घेऊन माझ्याकडे आले.

"मावशे, ह्यो तुझो वाटो."

"अहो, मी कुठे खाते! आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही."

"दोरयेक हात लावलंस म्हणजे वाटो घेवकच होयो."

"मग असं करा," मी म्हटलं, "माझा वाटा त्या बाईंना द्या. माझ्यापुढे होत्या ना, त्यांना."

"कोणाक?"

मी वळून बघितलं. ती कुठे दिसेना. म्हटलं, गेली असेल घाईने.

"तुझ्या फुडे कोण नव्हतां, मावशे," तात्या म्हणाले. "ती जागा आमी सोडतंव. सुलभाच्या आयेची ती."

तात्यांनी मला हळूच विचारलं, "पदर... हाताक गुंडाळललो?"

मी काय बोलून बसतेय ते मला अजून कळलं नव्हतं. मी म्हटलं, "हो."

त्या माणसाने टोपली छातीशी धरली आणि सरळ पाण्याकडे चालायला लागला. गुडघे, मांड्या, कमर... कपड्यांचं भान नाही, लाटांचं नाही. "भुकेली आसा ती! तिचो वाटो तिका देवक होयो!" चार जणांनी धावत जाऊन ओढून आणलं.

घरी आल्यावर सुलभाचा चेहरा बघवत नव्हता. तात्या खळ्यात टोपली मांडीवर घेऊन बसले होते. "भरतीक जातलंय," एवढंच म्हणत होते. म्हणजे दुपारी, भरती आली की पाण्यात.

सुलभाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "मावशी, ते रोज आईसाठी पाण्यात जातात. रापण संपली की जातात. आधी गुडघ्यापर्यंत जायचे, हल्ली छातीपर्यंत. मी किनाऱ्यावर उभी राहून हाका मारते. आज गेले तर परत येणार नाहीत, मला ठाऊक आहे. तुम्ही कशाला बोललात हो!"

मग तीच म्हणाली, "तुमचा वाटा तुम्हीच खा. मग न्यायला त्यांच्याकडे काही उरणार नाही."

ती बाहेर गेली आणि तात्यांना तसं म्हणाली. त्यांनी टोपलीतली मासळी हाताने एकदा वरखाली केली. मग म्हणाले, "ज्येचो वाटो त्येनां खाल्लो, तर माझां काय म्हणणां नाय." आणि टोपली तिच्या हातात दिली.

मंगल माझ्या कानात म्हणाली, "ताई, तुझ्या सासूबाई वरून बघतायत हं."

"बघू दे. म्हणावं, खाली या आणि तुम्ही खा." असं म्हटलं खरं. उभ्या जन्मात मासळी शिजते त्या चुलीशी बसले नव्हते मी. पण खळ्यात बसलेल्या त्या माणसाचा जीव माझ्या एका घासावर आला होता, मग कसलं सोवळं आणि कसलं काय.

सुलभाने त्या तारल्यांचं तिखलं केलं, तिरफळं घालून. भात वाढला. मी टेबलाशी खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि पहिला घास घेतला...

यापुढचं मला आठवत नाही असं नाही. सगळं आठवतं. पण ते मी करत होते असं मात्र वाटत नाही.

मी ताट उचललं आणि खाली जमिनीवर बसले, डावा गुडघा उभा करून. माझे गुडघे असे आहेत की जमिनीवर बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. एकेक तारली उचलून आधी डोकं खाल्लं, मग अंगठ्याने पाठीवरून दाबून काटा अख्खा काढला, आणि ते काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत गेले. एक काटा तोंडात गेला नाही. सुलभाच्या हातातला डाव तसाच राहिला. "आई..." ती म्हणाली.

तात्या खळ्यातून आत आले. माझ्यासमोर बसले. मी खात होते, ते बघत होते. ताट संपलं तसं अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "पोट भरलां गो?"

आणि मी म्हणाले, "भरलां. तुमी जेवलास?"

बार्शीची बाई मी. तिकडची भाषा मला ऐकायला गोड वाटते, बोलता एक शब्द येत नाही. आणि हा प्रश्न कोण कोणाला विचारतं, ते काय सांगायला हवं?

तात्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाले, "जेवतंय." आणि सुलभाला म्हणाले, "माका ताट वाढ गो." भरती आली, ओसरली. ते घरातच होते, भात कालवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी धरताना तात्यांनी मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि ओरडले, "सरका रे फुडे!" लोक सरकले. रापण झाल्यावर ते पाण्याकडे न बघता सगळ्यांच्या आधी घरी आले. सुलभाचा परवाच फोन आला होता, अजूनही तसंच आहे म्हणते.

माझा पुतण्या डॉक्टर आहे. तो म्हणतो, मनाचे खेळ आहेत, काकू. चार दिवस ती भाषा कानावर पडत होती, ती तोंडून निघाली. असेल बाबा. बाई दिसली तेही ऊन लागलं म्हणून असेल. मी वाद घालत नाही.

पण एक गोष्ट मी सुलभाला सांगितली नाही, तात्यांना तर मुळीच नाही. त्या दिवशी दोघींनी मला पानावरून उठवलं, मी हात धुतले, आणि भुकेने मला उभं राहवेना. उपासालाही मला अशी भूक कधी लागलेली नाही. खोलीत जाऊन पिशवीतली कडक भाकरी काढली आणि पाण्यात न बुडवता तशीच करकर चावून खाल्ली. मंगल दारात उभी राहून बघत होती, आणि पहिल्यांदाच तिला चेष्टा सुचली नाही.

ते ताट मी रिकामं केलं, हे सगळ्यांनी पाहिलं. त्यातलं माझ्या पोटात काहीच गेलं नव्हतं.