जलद एपीआय आणि बुडालेला चहा

मित्रहो, अत्यंत खेदाने कळवतो की आजपासून माझा सकाळचा चहा बुडाला.

जुन्या पोथ्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवणारी एक ना-नफा संस्था आहे. धाड गावातल्या एका घरातल्या पोथ्या मी त्या नोंदींशी ताडून बघतो. त्यांच्या फुकटच्या एपीआयवर, म्हणजे माझ्या संगणकानं त्यांच्या संगणकाला थेट प्रश्न विचारायच्या सोयीवर, उत्तर यायला तास लागायचा. म्हणून संगणकाला कामाला लावायचं आणि बसस्टँडवर चहाला जायचं, हे माझं नित्यकर्म. काल पैसे भरून जलद सोय घेतली. आज चपला घालायच्या आत सगळी उत्तरं हजर!

"काऊन जी, चहाले नाही गेले?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"काम झालं ना. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मंग मेथी निवडा."

मेथी निवडता निवडता उत्तरं वाचली आणि ओरडलोच. धाडच्या त्या पोथ्यांतल्या एकीची दुसरी प्रत कुठेच नोंदलेली नाही! जुडी तशीच टाकून नोंद भरायला बसलो.

वेग विकत मिळाला, पण नोंदी कुणीतरी एकेक अक्षर लावूनच भरतो. तुमच्याकडे कुणी शिकेल का ही जुनी अक्षरं वाचायला? माझ्या ओळखीत ती वाचणारे दोघेच उरलेत, आणि दोघंही माझ्याहून म्हातारे. भीती त्याचीच वाटते.