शेवटचं प्रकरण

आमच्या वाचनालयातल्या बाई बोलताना मान वर करत नाहीत. सदा हातात सुई-दोरा आणि मांडीवर एखादं खिळखिळं पुस्तक. दातानं दोरा तोडला की समजायचं, बोलणं संपलं.

नेकनूर-गेवराईकडच्या पोरांवर मी तीन किशोर कादंबऱ्या लिहिल्या आणि हौसेनं बाईंना नेऊन दिल्या. परवा बघतो तर तिसरीचं नुसतं कव्हर टेबलावर. आतली प्रकरणं कापून, सुटी सुटी शिवून शेजारी रचलेली.

"पुस्तक फाडलं तुम्ही?"

"प्रत एक, वाचणारी पोरं धा. एकेक प्रकरण नेत्यात अन् आपसात बदलत्यात."

मी तुकडे चाळले. शेवटचं प्रकरणच नव्हतं.

"ते सातवीतल्या एका पोरीकडं हाय. आईबापासंगं ऊसतोडीला गेली ती."

"मग बाकीच्यांना शेवट मी सांगतो."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "नगा सांगू. मुद्दाम दिलाय तिला. मागल्या साली तोडीला गेलेल्या दोन पोरींची तिकडंच लग्नं लावली. हिला म्हणलं, समदे थांबलेत, शेवट घिऊन माघारी ये."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दातानं दोरा तोडला.