आईनं भरवलेली अकरावी

आखातातल्या आमच्या शाळेचा जिना गच्चीच्या पत्र्याच्या दारापाशी संपायचा. दारापलीकडं नुसत्या सळ्या होत्या. शाळा म्हणजे मुळात एक जुना दुमजली व्हिला. मालकानं कधीतरी तिसरा मजला चढवायचं मनात धरलं असावं आणि खांबांच्या सळ्या आभाळाकडं काढून ठेवल्या असाव्यात. गावी आमच्या घरावरही तशाच सळ्या आहेत. बाबा दर सुट्टीत अंगणात उभे राहून त्यांच्याकडं बघतात आणि "पुढंमागं बघू" म्हणतात. म्हणून असेल, पण पहिल्याच दिवशी दाराच्या फटीतून मला त्या सळ्या दिसल्या आणि नवी शाळा थोडी ओळखीची वाटली.

मी तेव्हा सहावीत होते आणि शाळाही सहावीपर्यंतच होती. पुढच्या वर्षी सातवीची परवानगी मिळाली, मग आठवीची. दर एप्रिलला शाळा एक इयत्ता वाढायची आणि त्या नव्या इयत्तेत आम्हीच असायचो. आम्ही कायमच सर्वांत मोठे. जुनी पुस्तकं मागायला वर कुणी नाही, आठवीचं गणित अवघड असतं का हे विचारायला कुणी नाही. मला त्याचं वेगळं काही वाटलं नाही, कारण घरीही तेच होतं. आई सातवी, बाबा नववी नापास. मी नववी पास झाले त्या दिवशी बाबा मआमीरच्या वर्कशॉपमधून येताना मिठाई घेऊन आले आणि हसून म्हणाले, "आता हिच्या पुढचा काय ता माका ईचारू नको."

दहावीला आम्हाला मिळाली ती खोली सकाळी बालवर्गाची असायची. दुपारी त्यांच्या बुटक्या खुर्च्या भिंतीशी रचून आमचे बाक आत यायचे. छताला दोऱ्यांनी कागदी मासे टांगलेले होते, ते मात्र तसेच राहायचे. एसीचा वारा लागला की सगळे एकदम एका बाजूला वळायचे. आजही भूमितीचं प्रमेय आठवायला गेले की आधी मासे आठवतात, निळे, नारिंगी, एका डोळ्याचे. त्यातलं कुठलं खरं शिकले आणि कुठलं त्या गार, झोपाळलेल्या दुपारींनी मनात ठेवून दिलं, मला नीट सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. नववीत विज्ञानाच्या बाईंनी सूक्ष्मदर्शक आणला होता. शाळेत तो एकच होता. मी घरून कांदा नेला होता. बाईंनी त्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवला. मी डोळा लावला, आणि समोर आमच्या गावच्या घराची चिऱ्याची भिंत. एकावर एक लांबट चिरे आणि मध्ये सिमेंटच्या रेघा. रोज आईच्या विळीखाली जाणाऱ्या कांद्यात घर बांधलेलं होतं. माझी पाळी संपली तरी मी बाजूला होईना. त्या दिवशी मी मनात ठरवलं की आपण सायन्सला जायचं. घरी सांगितलं नाही. कसं सांगतात ते ठाऊक नव्हतं.

दहावीच्या जानेवारीत मुख्याध्यापिका मॅडमनी पालकांना बोलावलं. बाबांची शिफ्ट होती, आई गेली. अकरावी काढायचा विचार आहे, मॅडम म्हणाल्या, पण निदान दहा मुलं हवीत. बरीचशी मोठ्या शाळांत चालली आहेत, काही देशात परत. दहा झाली नाहीत तर वर्ग नाही.

वर्ग नाही म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या शाळांत आता जागा उरली नव्हती. म्हणजे मला कणकवलीजवळ मामाकडं जावं लागणार. आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी आदल्या वर्षी अशीच गावी गेली होती. तिची आई रोज फोनवर तिला ताटातला भात दाखवायची आणि म्हणायची, "बघ, जेवतेय मी." आईनं ते पाहिलं होतं. त्या दिवशी सलमानियातल्या आमच्या दोन खोल्यांत ती बोटांवर मुलं मोजत फिरत होती. मग चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "दहा पोरां झाली की वर्ग उघडतलो ना? मग हळदीकुंकू करूया."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"अगो, बायकांका घरी बोलवूक कारण नको? संक्रांत झाली हा, रथसप्तमी यायची हा. येतीत, तिळगूळ खातीत, पोरांचा बोलणा होतला."

वाण म्हणून तिनं सगळ्यांना पेनं द्यायचं ठरवलं. बाबा म्हणाले, पेन कुणी वाण देतं का? आई म्हणाली, "गाळणी दिली की चाय गाळतीत. पेन दिला की सही करतीत."

त्या शुक्रवारी गार वारं होतं, खिडकीच्या फटीतून बारीक धूळ आत येत होती. आमच्या बाहेरच्या खोलीत इतक्या बायका मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. कुंकू मी लावत होते, अत्तर आई. शेजारच्या मल्याळी आंटी मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. ड्यूटीवरून थेट आल्या, पांढरे बूट दाराशी काढून जमिनीवरच बसल्या. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. समुद्राकाठच्या अमवाजहून एक पुण्याच्या काकू आल्या होत्या, त्यांचे यजमान बँकेत. बाकी सगळ्या दहावीच्याच आया. कुणी तमिळ, कुणी गुजराती, दोघी रत्नागिरीकडच्या. खोलीत तीनचार भाषा एकमेकींच्या अंगावरून जात होत्या आणि मला पुन्हा कागदी माशांच्या खाली बसल्यासारखं वाटत होतं.

आंटींनी पेन उलटसुलट करून पाहिलं. "दीदी, ये पेन मेरे लिए है कि बेटे के लिए?"

"तुम्हारे लिए," आई म्हणाली. "मॅडम के फॉर्म पे सही करने का."

सगळ्या हसल्या. "फसवून बोलावलंत की आम्हाला," अमवाजच्या काकू म्हणाल्या.

"फसवला खंय? तिळगूळ दिलो ना?"

मग कळलं की प्रत्येक जणी दुसरीची वाट बघत होती. तुमची राहिली तर आमची राहील. तुमचा जाणार म्हणून आम्ही आमचाही काढणार होतो. आई एकेकीसमोर तिळगुळाची वाटी धरायची आणि म्हणायची, "हिचो येता. आता तू बोल." गुजराती काकी म्हणाल्या, "चलो, लिख लो हमारा भी." आंटी म्हणाल्या, "इंशाल्ला." आईनं त्यांना अडवलं. "इंशाल्ला नको. हां बोलो या ना बोलो." त्या हसत म्हणाल्या, "हां बाबा, हां. खलास!"

नऊ झाली. मी धरून दहा. आईचा चेहरा असा झाला होता की मी कुंकवाची कोयरी हातात धरून तशीच उभी राहिले.

तेवढ्यात अमवाजच्या काकू सहज म्हणाल्या, "आमची कॉमर्सच घेणार हं. तुमच्या सगळ्यांचं तेच ना?"

"हमारा भी कॉमर्स," आंटी म्हणाल्या. "सायन्स उससे नहीं होगा, दीदी. खून देख के रोता है."

"आमचा पण तेच."

"मॅडम म्हणतात ना, जिकडं मुलं जास्त तो वर्ग. दोन्ही काही निघायचे नाहीत."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक. तिनं वाटी खाली ठेवली, मग परत उचलली.

बायका गेल्यावर आम्ही कप विसळत होतो. आई म्हणाली, "अकरावी म्हणजे अकरावी. तिका आणि फाटे कसले?"

मी तिला सांगितलं. जमेल तसं. सायन्स वेगळं, कॉमर्स वेगळं, एकदा धरलं की परत फिरता येत नाही. मलाही तेवढंच माहीत होतं.

"आणि तुका कसला होया?"

मी कांद्याचं सांगितलं. सगळं, चिऱ्यांच्या भिंतीसकट. ती नळ बंद करून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी सगळ्यांका बोलवून तुझोच वर्ग घालवलंय."

"नाही गं," मी म्हणाले. आणि विसळलेला कप पुसायला घेतला.

मामाच्या गावाजवळच्या ज्युनियर कॉलेजात सायन्स होतं. आता प्रश्न वर्ग निघण्याचा राहिला नव्हता. मी राहायचं की जायचं, हे मलाच ठरवायचं होतं. मला कुणी असं कधी काही ठरवायला दिलं नव्हतं.

हळदीकुंकवाला अमवाजच्या काकू मुलीचं जॅकेट घालून आल्या होत्या, ते आमच्याकडं राहिलं होतं. पुढच्या शुक्रवारी बाबा मला घेऊन ते द्यायला अमवाजला निघाले. परतताना त्यांनी कंपनीची पिकअप पाण्याच्या कडेला उभी केली आणि कडक चहाचे दोन कागदी कप आणले. समुद्र इतका स्थिर होता की तो समुद्र वाटेना. समोरच्या बेटावरच्या इमारती पाण्यात उलट्या उभ्या होत्या, आणि मला वाटलं, त्या खालच्या इमारतींतही कुणीतरी आमच्यासारखे दोघंजण चहा पीत बसले असतील. त्यातली मुलगी काय म्हणाली असेल?

"तुका काय होया ता सांग," बाबा म्हणाले. "गावाक गेलंस तरी काय बिघडत नाय. मी पाठवीन."

मला खरं तर दोन्ही हवं होतं. डोळ्यांपुढं ते काचेवरचे चिरे येत होते आणि त्यांच्यामागं फोनच्या पडद्यावर धरलेलं भाताचं ताट. चहा गार झाला होता.

"मी इथंच राहते," मी म्हणाले.

"मग कॉमर्स."

"हो."

"बरां," ते म्हणाले. आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

एप्रिलमध्ये अकरावी सुरू झाली, त्याच माशांखाली. पहिले काही महिने मला डेबिट-क्रेडिट उलटंच दिसायचं. नर्स आंटींचा मुलगा शेजारी बसून समजावायचा आणि वर म्हणायचा, "यू आर स्टिल लुकिंग फॉर अनियन्स." पुढच्या वर्षी बारावी, तीही आमच्यासाठीच उघडलेली. निरोपसमारंभही आम्हालाच पहिल्यांदा मिळाला. अकरावीच्या मुलांना तो कसा करतात हे माहीत नव्हतं, म्हणून आम्हीच त्यांना सांगितलं आणि मग खुर्च्यांवर जाऊन पाहुण्यांसारखे बसलो. आता मी इथंच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. वाईट चाललेलं नाही. आवडतं का, असं कुणी विचारलं तर थोडं थांबून हो म्हणते. ते हो खोटं नसतं, पण ते थांबणंही मी टाळत नाही.

आई मात्र बदलली. बिल्डिंगमध्ये नवं कुटुंब आलं की ती चहाला बोलावते आणि पोर कितवीत आहे ते विचारून झालं की लगेच म्हणते, "पहिला बच्चे को पूछो, सायन्स कि कॉमर्स. बाद में सही करो." नवख्या बायका तिला शिक्षिका समजतात. ती त्यांना तसं समजू देते.

या जानेवारीत मॅडमचा फोन आला. शाळेनं तिसरा मजला चढवला होता, एप्रिलपासून सायन्सची अकरावी निघणार होती. नव्या पालकांना शाळा दाखवायला जुन्या मुलांनी यावं. आई म्हणाली, "मीव येतंय."

जिना आता पुढं गेला होता. पत्र्याचं दार नव्हतं. सळ्या भिंतींच्या आत गेल्या होत्या, कुठून त्या वर निघाल्या होत्या हे मला शोधूनही सापडेना. त्या जागी लांबट खोली होती, ओल्या रंगाचा वास, ओट्यांवर नळ आणि एका रांगेत ठेवलेले सूक्ष्मदर्शक. आमच्याच जुन्या बाई तिथं होत्या. त्यांनी मला ओळखलं, काही न विचारता डब्यातून कांदा काढला.

मी आईला म्हणाले, "तू बघ आधी."

"माका दिसतला?"

"एक डोळा मिट."

तिनं चष्मा कपाळावर सारला, पदर एका हातानं धरला आणि वाकली. बराच वेळ ती तशीच होती. मागं पालक येऊन थांबले, बाईंनी त्यांना खुणेनं धीर धरायला सांगितलं. खिडकीतून दुपारचं पांढरं ऊन ओट्यावर पसरलं होतं आणि मला वाटत होतं की आई आत कुठंतरी गेली आहे, आणि तिथं एक अंगण आहे.

"गो," ती डोळा न काढताच म्हणाली, "ह्या आपल्या घराची भिंत आसा."

मी मान हलवली. तिला दिसली नसेल.

मग ती सरळ झाली, चष्मा खाली घेतला आणि बाईंना अगदी मनापासून विचारलं, "ही आता हय बसली तर चलात? वर्गात, मागं. कॉलेज सांभाळून?"

मागचे पालक हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "पहिली मुलं एप्रिलमध्ये येतील. तोवर शनिवारी खोली रिकामीच असते."

आईनं माझ्याकडं पाहिलं. या वेळी आधी मला विचारलं, "तुका होया?"

हो म्हणायला मी थांबले नाही.