माघ कृष्ण नवमी, शुक्रवार

आमच्या गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं पहिलं झबलं-टोपरं यमुनाआत्यानं शिवलंय. तिच्याइतका बारीक टाका अख्ख्या धारमध्ये कुणाचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण त्यातलं एकही बाळ तिनं मांडीवर घेतलेलं नाही. कपडे दारातूनच द्यायची आणि बारशाच्या दिवशी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत बसायची.

कारण काय, तर म्हणे ही जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी हिचे वडील गेले, मागोमाग आई. सतवास गावी साथ आली होती. हिचे वडील, म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, तिथे मास्तर होते. तार मिळून आजोबा पोचले तोवर दोघंही गेलेली, तान्ही पोर शेजारणीकडे. साथीच्या भीतीनं तिला न बघताच तिथे ठेवलं आणि तीन महिन्यांनी धारला आणलं. तेव्हापासून आमच्या आजीनं तिला ‘आईबापाला गिळून आलेली’ ही पदवी दिली. मला अजून संताप येतो! माझ्या बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा. नऊ वर्षांची पोर नवा परकर नेसून पाळण्यापाशी उभी होती, आणि आजीनं हाताला धरून तिला बाजूला काढलं. पुढे कुणी काही बोललं नाही तरी ती आपणहूनच बाजूला व्हायची.

यंदा माझ्या मुलाला, अंशुलला, मुलगी झाली. बारसं चार दिवसांवर आलं. मी म्हटलं, “आत्या, या खेपेला बाळ तू घ्यायचंस.”

“जगू, डोकं फिरलंय का तुझं?” एवढं बोलून ती पुन्हा शिलाईला लागली.

माझी मुलगी रुची इथल्याच एका कोचिंगमध्ये शिकवते. अमुक तारखेला वार कोणता, अमुक सालचं कॅलेंडर पुन्हा कधी वापरता येईल, असली कोडी नोकरीच्या परीक्षांना येतात ना, ती. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, असले वार मी बोटांच्या पेरांवर काढतो. बाईसाहेबांनी त्यासाठी प्रोग्राम लिहिला. तिथी सांगितली तरी तो तारीख-वार काढतो. अमावास्येला महिना संपतो वगैरे नियम माझ्याकडूनच घेतले आणि वर मलाच ऐकवते, “बाबा, तुमची बोटं दहाच आहेत.”

त्या दुपारी ती लॅपटॉप घेऊन आत्याच्या मशीनपाशी बसली. “आजी, तुमचा वार काढू?”

“माझा काय काढतेस बाई? आधारवर एक जानेवारी. धारमधले निम्मे म्हातारे एक जानेवारीचेच!” असं म्हणाली खरी, पण उठून बटणांच्या डब्यातून तिनं एक चिठ्ठी काढली. तिला धारला आणताना सतवासच्या हेडमास्तरांनी लिहून दिलेली. ‘संवत् २००९, माघ कृष्ण नवमी, शुक्रवार. कन्या हुई।’

आत्या परत मशीनवर बसली आणि रुचीनं तिथी घातली. शुक्रवार काही येईना.

“हेडमास्तरानं वार चुकीचा लिहिला, झालं!” मी निकाल देऊन टाकला.

“बाबा, तिथी कुणीही चुकेल. घरात बाळ झालं तो वार कोण चुकतं? और मेरा प्रोग्राम सही है, हजार सवाल चेक केलेत.” तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. “एक मिनट. हे तर हिंदीत आहे. लिहिणारा हिंदी, तर मग महिना मराठी कसा असेल?”

अरे देवा! हिंदी शेजाऱ्यांचा श्रावण दर वर्षी आमच्याआधी पंधरा दिवस लागतो, यावरून मीच त्यांच्याशी भांडलोय. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. त्यांचा माघ कृष्ण म्हणजे आमचा पौष वद्य. ती चिठ्ठी आमच्या घरात सगळ्यांनी मराठी महिना धरून वाचली होती, अगदी मीसुद्धा!

रुचीनं एक ओळ बदलली. नऊ जानेवारी एकोणीसशे त्रेपन्न, शुक्रवार. मी पेरांवर मोजून पाहिलं. सातानं भागून शेष पाच. शुक्रवारच.

काकाआजोबा, म्हणजे आत्याचे वडील, गेले ती तिथी मात्र आमच्या आजोबांनी स्वतः मराठीत लिहून ठेवली होती, माघ वद्य दशमी. त्यांचं श्राद्ध त्याच दिवशी होतं. ती आमच्याच माघातली, म्हणजे पुढच्या महिन्यातली.

“आत्या,” मी म्हटलं, “तुझे वडील दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. महिन्यानं गेले.”

मशीन थांबलं. “म्हणजे त्यांनी मला पाहिलं?”

“पाहिलं? महिनाभर अंगाखांद्यावर खेळवलं असेल!”

तिनं चिठ्ठी परत हातात घेतली. मग तिनंही बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली. बारापाशी थांबली. “जगू, बाराव्या दिवशी बारसं करतात. तेव्हा दोघं होती.”

ती धारला आली तीच यमुना हे नाव घेऊन. ते शेजारणीनं ठेवलं असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

बारशाच्या दिवशी पुऱ्या मी लाटल्या, वेड्यावाकड्या का असेनात. नाव ठेवायचा मान यंदा रुचीचा होता. तिनं बाळ उचलून सरळ आत्याच्या मांडीवर दिलं. “आजी, माझा मान तुम्हाला.” आत्या या वेळी बाजूला झाली नाही. बाळाच्या कानाशी वाकून तिनं खणखणीत आवाजात ‘स्वानंदी’ म्हटलं. मग पुन्हा वाकली आणि हळूच म्हणाली, “माझं नाव माझ्या आईबाबांनी ठेवलंय बरं का गं.”